खालची पापणी : कापण्याचा आणि भरून येण्याचा इतिहास

आरशासमोर उभे राहून तर्जनीने आपली खालची पापणी हलकेच खाली ओढा आणि सोडून द्या. तरुण माणसाची पापणी क्षणार्धात डोळ्याला जाऊन बिलगते. साठी उलटलेल्या माणसाची पापणी जरा रेंगाळते. कधी कधी तर डोळा मिटून उघडल्याशिवाय ती जागेवर जातच नाही. खालच्या पापणीची शस्त्रक्रिया करण्यापूर्वी शल्यविशारद आजही ही साधी चाचणी करतात. गेल्या दोन हजार वर्षांत या शस्त्रक्रियेत जे बिघडत आले, त्यातले पुष्कळसे पापणीच्या या परत जाण्याच्या ताकदीचा अंदाज चुकल्यामुळे बिघडले.

आजचा धागा या पापणीचा आहे. विषय वरवर सौंदर्यशस्त्रक्रियेचा वाटेल, आणि काही अंशी तो तसा आहेही. पण त्याच्या वाटेवर रोम लागते, कुर्दुबा लागते, आपले पुणे लागते, आणि पहिल्या महायुद्धातली एक जळती युद्धनौकाही लागते.

आधी थोडी शरीररचना, कारण तिच्यावाचून पुढचे काही उमगणार नाही. वरची पापणी पडद्यासारखी उघडझाप करते. खालची फारशी हलत नाही. ती बांधासारखी उभी असते. अश्रूंचे पाणी तिच्या काठाशी साठते आणि तिथूनच नाकाकडे वाहून जाते. तिला खालून कसलाही टेकू नाही. डोळ्याच्या दोन कोपऱ्यांना तंतूंनी बांधलेल्या झोळीसारखी ती टांगलेली आहे. तिची कातडी शरीरातल्या सर्वांत पातळ कातड्यांपैकी एक, जेमतेम अर्धा मिलिमीटर जाडीची. तिच्याखाली डोळा मिटणारा स्नायू, त्यामागे एक पातळ पडदा आणि पडद्यामागे डोळ्याच्या गोलाला गादीसारखी आधार देणारी चरबी. वयाबरोबर पडदा सैल होतो, चरबी पुढे येते आणि डोळ्यांखाली पिशव्या दिसू लागतात. काही घराण्यांत त्या विशीतच दिसतात.

आता कोणतीही जखम भरताना व्रण आकसतो. पाठीवर किंवा मांडीवर तो दोन मिलिमीटर आकसला तर कुणाच्या लक्षातही येणार नाही. खालच्या पापणीवर तेवढेच आकसणे पुरेसे होते: पापणी खाली ओढली जाते, बुबुळाखाली पांढरी पट्टी दिसू लागते आणि ओढ वाढली तर पापणीची कड बाहेर उलटते. मग अश्रू गालावर ओघळतात, डोळा मात्र कोरडा पडतो. बुबुळावरचा पारदर्शक पडदा उघडा राहिला की त्यावर जखमा होतात आणि प्रकरण दृष्टीपर्यंत जाते. थोडक्यात, सुरी चालवणे इथे अवघड नाही. काय जागच्या जागी सोडायचे, हे ठरवणे अवघड आहे.

ही गोष्ट रोमन लेखक केल्सस याला ठाऊक होती. इसवी सनाच्या पहिल्या शतकात त्याने वैद्यकावर आठ भागांचा ग्रंथ लिहिला. त्याच्या सातव्या भागात शस्त्रक्रिया आहेत, आणि त्यांत पापण्यांसाठी बरीच जागा दिलेली आहे. वरच्या पापणीची सैल कातडी कशी कापून शिवावी हे तो सांगतो. पण त्याचबरोबर बजावतो की कातडी जास्त काढली तर डोळा मिटत नाही. उघड्या खालच्या पापणीची कारणे तो दोन देतो. एक म्हातारपण, दुसरे, वैद्याने केलेला चुकीचा उपचार. म्हातारपणामुळे बाहेर आलेला भाग बारीक सळईने डागून त्यावर मध लावावा, आणि वैद्याच्या चुकीने ओढलेली पापणी सोडवण्यासाठी तिच्याखाली चंद्रकोरीसारखा छेद घ्यावा, कोरीची टोके जबड्याकडे, असे त्याचे म्हणणे. मला यातली दुसरी गोष्ट फार महत्त्वाची वाटते. एखादी शस्त्रक्रिया बिघडल्यावर ती दुरुस्त करण्याची शस्त्रक्रिया लिहून ठेवलेली आहे, याचा अर्थ पहिली शस्त्रक्रिया तेव्हा बऱ्यापैकी रुळलेली होती, आणि बऱ्यापैकी बिघडतही होती.

आपल्याकडे सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात डोळ्यांचे ७६ विकार मोजले आहेत आणि त्यांतले २१ केवळ पापण्यांचे, म्हणजे ‘वर्त्म’गत आहेत. पापणीचे केस आत वळून बुबुळाला घासू लागतात, त्या ‘पक्ष्मकोपा’वरचा उपाय वाचण्याजोगा आहे. भुवई आणि पापणीच्या केसांमधल्या कातडीचा जवाच्या दाण्याएवढा, जवाच्याच आकाराचा तुकडा काढायचा, जखम केसाने शिवायची, वर मध आणि तूप लावायचे. इथवर ठीक. पण पुढे सुश्रुत कपाळावर पट्टी बांधून टाक्यांचे केस त्या पट्टीला अडकवायला सांगतो. जखम भरेपर्यंत पापणी वर धरून ठेवण्याची ही योजना. आजही खालच्या पापणीच्या काही शस्त्रक्रियांनंतर पापणीच्या कडेतून एक टाका घेऊन तो भुवईच्या वर चिकटपट्टीने दोन-चार दिवस चिकटवून ठेवतात. या दोन पट्ट्यांमध्ये थेट वारसा आहे असा माझा दावा नाही. जखम आकसते, तिला उलट दिशेने धरून ठेवले पाहिजे, हे निरीक्षण ज्याने ज्याने पापणी कापली त्याला करावेच लागले असणार.

अंदलुसियातल्या कुर्दुब्याजवळ राहणाऱ्या अल्-झहरावीने (मृत्यू १०१३) आपल्या तीस भागांच्या ग्रंथात एक वेगळीच रीत नोंदवली आहे. पापणीची जादा कातडी दोन बारीक काड्यांमध्ये धरायची, काड्यांची टोके दोऱ्याने घट्ट आवळायची आणि तसेच सोडून द्यायचे. रक्तपुरवठा तुटलेली कातडी काळी पडते आणि काही दिवसांनी आपोआप गळून पडते. सुरी नाही, रक्तस्राव नाही. भूल देण्याची सोय नसलेल्या काळात रुग्णाला हे निवडावेसे वाटले असेल तर नवल नाही. मात्र डोळ्यावर काड्या बांधून हिंडणाऱ्या त्या माणसाचे ते दिवस कसे गेले असतील, याची कल्पना करवत नाही.

यानंतर कथानक पुण्याजवळ येते. इंग्रज, मराठे आणि निजाम यांनी मिळून टिपूशी केलेल्या युद्धात, १७९२ मध्ये, इंग्रजी फौजेच्या बैलांवर असलेला एक मराठा शेतकरी टिपूच्या माणसांच्या हाती सापडला. त्यांनी त्याचे नाक आणि एक हात कापला. सुमारे वर्षभरानंतर पुण्याच्या परिसरातल्या एका कारागिराने त्याच्या कपाळाची कातडी उतरवून त्याला नवे नाक करून दिले. हा कारागीर विटा भाजणाऱ्या जातीचा होता, असे इंग्रजी वृत्तांतात म्हटले आहे. मुंबई इलाख्यातल्या दोन इंग्रज डॉक्टरांनी ही शस्त्रक्रिया पाहिली, जेम्स वेल्स या चित्रकाराने त्या माणसाचे चित्र काढले आणि ऑक्टोबर १७९४ मध्ये लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’मध्ये हा वृत्तांत छापून आला. त्यात त्याचे नाव ‘कावसजी’ असे आहे. मराठा शेतकऱ्याचे नाव कावसजी कसे, हा प्रश्न तुम्हाला पडला असेल तर तो रास्त आहे. नाव ऐकताना किंवा लिहिताना काहीतरी घोटाळा झाला असावा. ज्याने नाक केले त्याचे नाव तर लिहून घेण्याची गरजही कुणाला वाटली नाही.

नाकाचा आणि पापणीचा संबंध काय, असे विचाराल. तो वृत्तांत लंडनच्या जोसेफ कार्प्यू या शल्यविशारदाने वाचला, वीस वर्षे मृत शरीरांवर सराव केला, १८१४ मध्ये जिवंत माणसावर शस्त्रक्रिया केली आणि १८१६ मध्ये त्यावर पुस्तक छापले. तिथून ही रीत बर्लिनच्या कार्ल फर्डिनांड फॉन ग्रेफेकडे गेली. त्याने १८१८ मध्ये नाक घडवण्यावरचा आपला ग्रंथ प्रसिद्ध केला, आणि त्याच वर्षी पापणी नव्याने घडवण्याच्या शस्त्रक्रियेसाठी एक शब्द रूढ केला: ब्लेफारोप्लास्टी. ग्रीक भाषेत ब्लेफारॉन म्हणजे पापणी आणि प्लास्टिकोस म्हणजे घडवण्याजोगे. आज कोणत्याही शहरातल्या दवाखान्याच्या पाटीवर हा शब्द दिसतो. त्याच्या वंशावळीत पुण्याचा तो निनावी कारागीर आहे. (ग्रेफेचा मुलगा अल्ब्रेख्त पुढे आधुनिक नेत्रवैद्यकाच्या संस्थापकांपैकी एक झाला, पण तो वेगळ्या धाग्याचा विषय.)

ग्रेफेच्या शब्दाचा अर्थ आजच्याहून निराळा होता, हे ध्यानात ठेवायला हवे. त्याच्यापुढे आलेल्या पापण्या कर्करोगाने किंवा जखमांनी नष्ट झालेल्या होत्या. प्रश्न होता नवी पापणी आणायची कुठून. पुण्याच्या नाकाने उत्तर दिलेच होते: शेजारची कातडी पूर्ण न तोडता, देठासकट उचलून वळवायची, म्हणजे तिचा रक्तपुरवठा टिकतो. हॅम्बुर्गच्या फ्रिकेने १८२९ मध्ये कानशिलाच्या कातडीतून पापणी केली. डिफेनबाखने खालच्या पापणीसाठी गालाची कातडी सरकवली. भूल नव्हती, जंतूंची कल्पना नव्हती. या शस्त्रक्रियांनंतरचे दिवस म्हणजे ताप, पू आणि वाट पाहणे.

पुढच्या पन्नास-साठ वर्षांत दोन गोष्टी घडल्या आणि शस्त्रक्रियेचा रंगच पालटला. १८६७ मध्ये लिस्टरने जखमा निर्जंतुक ठेवण्याची पद्धत मांडली. १८८४ मध्ये व्हिएन्नाचा तरुण डॉक्टर कार्ल कोलर याने कोकेनचे थेंब टाकून डोळा बधिर करता येतो हे दाखवले. स्थानिक भूल वैद्यकात आली ती डोळ्याच्या दारातून. रुग्ण जागा असताना, वेदनेशिवाय, डोळ्याजवळ सुरी चालवणे शक्य झाले, आणि नष्ट झालेली पापणी घडवण्याच्या कलेचे रूपांतर धडधाकट पापणी नीटनेटकी करण्याच्या कलेत होऊ लागले. डोळ्यांखालच्या पिशव्या म्हणजे निव्वळ सैल कातडी नसून पुढे आलेली चरबी आहे, हे पॅरिसच्या जूल सिशेलने १८४४ मध्येच लिहून ठेवले होते. पण पुढची बरीच वर्षे सुरी कातडीवरच चालत राहिली.

शिकागोच्या चार्ल्स कॉनरॅड मिलरने १९०६ मध्ये डोळ्यांभोवतीच्या पिशवीसारख्या घड्या काढण्यावर लेख लिहिला आणि १९०७ मध्ये निव्वळ सौंदर्यशस्त्रक्रियेवर पुस्तक काढले. त्याला कुणी आद्य म्हणतात, कुणी भोंदू. दोन्हींत तथ्य आहे. न्यूयॉर्कच्या फ्रेडरिक कोलेने १९११ च्या आपल्या ग्रंथात सांगितले की किती कातडी काढायची हे आधी कातडीवर आखून घ्यावे. सल्ला क्षुल्लक वाटतो. पण रुग्ण आडवा झाला, सूज आली, बधिर करणारे औषध कातडीत भरले गेले की सगळी मापे बदलतात. रुग्ण बसलेला असताना आखलेली रेघ हाच त्यातला भरवशाचा पुरावा, आणि ती आजही आखली जाते.

आता पॅरिसला थांबू या, कारण या इतिहासातली मला सर्वांत जवळची वाटणारी व्यक्ती तिथे राहत होती.

सुझान नोएल यांचा जन्म १८७८ चा, लाँ या गावचा. लग्नानंतर त्यांनी वैद्यकाचे शिक्षण सुरू केले. १९१२ च्या सुमारास अभिनेत्री सारा बर्नहार्ट अमेरिकेहून चेहऱ्यावर शस्त्रक्रिया करवून आल्याची बातमी त्यांनी वाचली आणि आरशासमोर बसून स्वतःच्याच चेहऱ्याची कातडी चिमटीत धरून पाहायला सुरुवात केली. पहिल्या महायुद्धात पॅरिसच्या व्हाल-द-ग्रास लष्करी रुग्णालयात त्या इपोलीत मोरेस्तँ या विख्यात शल्यविशारदाच्या हाताखाली उद्ध्वस्त चेहरे दुरुस्त करायला शिकल्या. त्यांचे खासगी आयुष्य मोडत गेले. पहिला पती १९१८ मध्ये गेला, मुलगी १९२२ मध्ये गेली, दुसऱ्या पतीने १९२४ मध्ये आत्महत्या केली. त्याच वर्षी त्यांनी पॅरिसमध्ये कामकरी, व्यावसायिक स्त्रियांचा सोरोप्टिमिस्ट मंडळ स्थापन केला, आणि पुढे युरोपभर, युरोपाबाहेरही, त्याच्या शाखा उभ्या करत फिरल्या.

त्यांचे पुस्तक १९२६ मध्ये निघाले. त्याच्या नावातच सौंदर्यशस्त्रक्रियेच्या सामाजिक भूमिकेचा उल्लेख आहे. आज हे वाचून आपण भुवया उंचावतो. पण नोएल यांच्याकडे येणाऱ्या स्त्रियांमध्ये केवळ श्रीमंत हौशी नव्हत्या. दुकानांत, कचेऱ्यांत, रंगभूमीवर काम करणाऱ्या बायकांना चेहऱ्यावर वय दिसू लागताच दार दाखवले जाई. युद्धाने फ्रान्समधले लक्षावधी पुरुष नाहीसे झाले होते. पोट स्वतःच भरायचे होते. डोळ्यांखालच्या पिशव्या त्यांच्यासाठी चाकरीचा प्रश्न होत्या. नोएल स्त्रियांच्या मताधिकारासाठी लढत होत्या, मत नाही तर करही देऊ नका असे स्त्रियांना सांगत होत्या, आणि त्याच हाताने पापण्यांना टाकेही घालत होत्या. त्यांना यात विसंगती दिसली नाही. मला ती थोडीशी दिसते: वयामुळे बाईला काढून टाकणारा मालक तसाच राहिला, चेहरा मात्र बदलला. पण सोमवारी कामावर जायचे असलेल्या बाईला मालकाची मनोवृत्ती बदलेपर्यंत थांबा, असे सांगणे मला तरी जमले नसते.

आणि इथेच शस्त्रक्रियेनंतरच्या दिवसांचा प्रश्न प्रथमच शस्त्रक्रियेच्या मध्यभागी येतो. नोएल यांच्या रुग्णांना महिनाभर घरी बसण्याची चैन नव्हती. काही केले आहे हे कुणाला कळणेही परवडणारे नव्हते. म्हणून त्यांची सगळी पद्धत या मर्यादेभोवती घडली. स्थानिक भूल, छोटे छेद, बारीक टाके, रुग्ण त्याच दिवशी चालत घरी. एकाच बैठकीत खूप काढण्याऐवजी थोडे काढायचे, भरून येऊ द्यायचे आणि गरज असल्यास पुन्हा थोडे. शस्त्रक्रियेआधीची आणि नंतरची छायाचित्रे त्या काढून ठेवत. थोडे काढण्याची ही सवय वेळेच्या निकडीतून आलेली. पण पापणीला तीच मानवली. फ्रान्सने त्यांना १९२८ मध्ये ‘लेजियन ऑफ ऑनर’ हा सन्मान दिला. मताधिकार मात्र तिथल्या स्त्रियांना १९४४ मध्ये मिळाला.

मोरेस्तँकडे नोएल शिकत होत्या त्याच युद्धात एक न्यूझीलंडर डॉक्टरही त्याची शस्त्रक्रिया पाहून भारावून गेला होता. त्याचे नाव हॅरल्ड गिलीझ. १९१७ मध्ये त्याने लंडनजवळ सिडकप इथे केवळ चेहऱ्याच्या जखमांसाठी रुग्णालय सुरू करवले. तिथे आलेल्यांपैकी एक, नौदलाचा अधिकारी वॉल्टर यो. ३१ मे १९१६ रोजी जटलंडच्या लढाईत ‘वॉरस्पाइट’ युद्धनौकेवर तो होरपळला आणि त्याच्या वरच्या-खालच्या पापण्या गेल्या. ज्याला पापण्या नाहीत तो झोपेतही डोळे मिटू शकत नाही. गिलीझने छातीवरची कातडी देठासकट उचलून त्याच्या चेहऱ्यावर आणि डोळ्यांभोवती मुखवट्यासारखी बसवली. देठाच्या कडा शिवून त्याची नळी केली, म्हणजे जंतू शिरायला वाव राहत नाही.

सिडकपच्या रुग्णकक्षांत आरसे ठेवत नसत. रुग्णालयापासून गावाकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे काही बाक निळे रंगवले होते. त्यावर बसलेला माणूस पाहून दचकू नये, ही गावकऱ्यांना सूचना. पॅरिसमध्ये एकीला आपली शस्त्रक्रिया कुणाला दिसू नये म्हणून धडपड करावी लागे, आणि खाडीपलीकडे दुसऱ्याला निळ्या बाकावर बसावे लागे. जखम दोघांची महिन्यांत भरली असेल. लोकांच्या नजरेचा हिशेब निराळा होता. दुसऱ्या महायुद्धात गिलीझचा नातलग आर्चिबाल्ड मॅकिन्डो याने ईस्ट ग्रिन्स्टेड गावात होरपळलेल्या वैमानिकांना नव्या पापण्या दिल्या. त्याने बाक रंगवले नाहीत. गावकऱ्यांनाच विनंती केली की या मुलांना घरी चहाला बोलवा, त्यांच्याकडे पाहा, बोला. १९४१ मध्ये त्या वैमानिकांनी आपला एक क्लब काढला आणि त्याला ‘गिनीपिग क्लब’ असे नाव दिले.

पिशव्यांच्या शस्त्रक्रियेकडे परत येऊ. १९२४ मध्ये पॅरिसच्याच ज्युलियन बुर्गे याने बाहेरून कातडी न कापता, पापणी खाली वळवून तिच्या आतल्या गुलाबी अस्तरातून चरबी काढण्याची रीत मांडली. बाहेर टाका नाही, व्रण नाही, कातडी आकसण्याचे भय बरेच कमी. इतकी सोयीची रीत पुढची पन्नास वर्षे जवळजवळ विसरली गेली, आणि १९७० नंतर ती नव्याने शोधल्यासारखी वापरात आली. दरम्यान १९५१ मध्ये साल्वादोर कास्तानारेस याने पापणीमागच्या चरबीचे कप्पे नीट वर्णन केले. नकाशा हाती आल्यावर जे होते तेच झाले: सर्वांनी खणायला सुरुवात केली. चरबी भरपूर काढली जाऊ लागली. शस्त्रक्रियेनंतर वर्षभर चेहरा छान दिसे; दहा-पंधरा वर्षांनी उरलेली चरबीही वयाने ओसरली की डोळे खोल खड्ड्यांत बसल्यासारखे, आजाऱ्यासारखे दिसू लागत. १९८१ मध्ये ब्राझीलच्या राउल लोएबने चरबी फेकण्याऐवजी ती खालच्या खळगीत सरकवून पसरण्याचा मार्ग दाखवला आणि १९९५ मध्ये अमेरिकेतल्या सॅम हॅम्राने तो विचार पुढे नेला. आता अनेक शल्यविशारद चरबी शक्यतो राखतात, पापणी सैल असेल तर तिचे बाहेरचे टोक हाडाजवळ टाक्याने ताणून पक्के करतात, आणि कातडी काढलीच तर अगदी चिमूटभर.

मग आज ही शस्त्रक्रिया करवणाऱ्याने काय अपेक्षावे? हा सगळा इतिहास त्याच्या उशाशी बसलेला असतो.

पहिले दोन दिवस सूज वाढते. हे ऐकून पुष्कळ जण घाबरतात, कारण शस्त्रक्रियेच्या संध्याकाळी चेहरा बरा असतो आणि दुसऱ्या-तिसऱ्या सकाळी डोळे जेमतेम उघडतात. पापणीची कातडी पातळ आणि सैल, त्यामुळे पाणी तिथे सहज साठते. म्हणून उशी उंच घेऊन झोपायचे, डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे गार घड्या ठेवायच्या आणि वाकून काही उचलायचे नाही. रक्त पातळ करणारी औषधे आधीपासूनच, पण डॉक्टरांना विचारूनच, बंद किंवा चालू ठेवायची. वेदना सहसा थोडी असते; ताण, खाज, डोळ्यांत वाळू गेल्यासारखे वाटणे आणि मलमामुळे धुरकट दिसणे अधिक.

मग रंग सुरू होतात. डोळ्यांखाली जांभळे, मग हिरवट, मग पिवळे. कातडीखाली सांडलेल्या रक्तातले रंगद्रव्य टप्प्याटप्प्याने मोडते, त्याचे हे रंग. गुरुत्वाकर्षणामुळे तो डाग गालावरही उतरतो. शस्त्रक्रिया पापणीची आणि काळानिळा गाल पाहून घरचे लोक हादरतात. दहा ते चौदा दिवसांत बहुतेकांचा हा रंगपट ओसरतो. बाहेरचे टाके असतील तर साधारण पाच ते सात दिवसांत काढतात. बसून करायच्या कामावर आठ-दहा दिवसांत परतता येते. धावणे, वजन उचलणे, पोहणे आणि डोळ्यांत घालायच्या लेन्स यांसाठी आणखी थांबावे लागते, ते डॉक्टर ठरवतील तितके.

एका गोष्टीला मात्र थांबायचे नाही. शस्त्रक्रियेनंतर, विशेषतः पहिल्या दिवसात, एकाच डोळ्यात अचानक तीव्र वेदना, डोळा बाहेर आल्यासारखा घट्ट ताण, दिसणे कमी होणे, यांपैकी काहीही जाणवले तर रात्रीचे दोन वाजले असले तरी रुग्णालय गाठायचे. डोळ्यामागे रक्त साठून दृष्टीच्या नसेवर दाब येत असण्याची शक्यता असते. हे हजारात एकाहूनही कमी जणांना होते, पण झाले तर हाती काही तासच असतात.

आणि पापणीची कड? पहिल्या काही आठवड्यांत ती किंचित खाली ओढलेली, डोळा जरा गोल दिसणे, डोळ्यांतून पाणी येणे असे होऊ शकते. सूज उतरते तसे बहुतेकदा ते सुधारते. डॉक्टर कधी चिकटपट्टीने पापणीला वर आधार देतात, कधी ठरावीक दिवसांनी बोटाने वरच्या दिशेने हलके चोळायला शिकवतात. तरी ओढ राहिली तर दुरुस्तीची शस्त्रक्रिया असते, पण व्रण मऊ होईपर्यंत, सहसा काही महिने, घाई केली जात नाही. रुग्णाला ही प्रतीक्षा सर्वांत जड जाते, कारण रोज आरशात तोच डोळा दिसतो आणि रोज वाटते की काल होता तसाच आहे. म्हणून पहिल्या आठवड्यात, सूज असतानाच, एक छायाचित्र काढून ठेवावे. सहाव्या आठवड्यात ते शेजारी धरले की फरक दिसतो. बारीक व्रणाची लाली फिकी व्हायला आणि अंतिम रूप दिसायला सहा महिने ते वर्ष लागते.